घरातल्या ऑफिसचा खर्च आयकरात: कोणाला धरता येतो, किती आणि कसा

रिटर्न भरायची वेळ आली की घरून काम करणाऱ्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. वायफायचं बिल खर्चात टाकता येतं का? घरभाड्यातलं किती धरायचं? घर स्वतःचं असेल तर? लॅपटॉपवर मुलगा अभ्यासही करतो, मग तो अर्धाच का? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा. तुम्ही नफा दाखवताना प्रत्यक्ष खर्च वजा करणार, की कायद्याने आखून दिलेली टक्केवारी लावणार? टक्केवारीच्या वाटेने गेलात तर वायफायच्या बिलाला हात लावायची गरजच उरत नाही. माझं मत विचाराल, तर घरून काम करणाऱ्या बऱ्याच जणांना तीच वाट परवडते.

एक गोष्ट आधीच बाजूला करू. हे सगळं स्वतःचा धंदा किंवा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. पगारदार माणूस वर्षभर बेडरूममध्ये बसून कंपनीचं काम करत असला, तरी वीजबिलाचा वाटा त्याला पगारातून वजा करता येत नाही. त्याला ठोक प्रमाणित वजावट मिळते, नव्या करप्रणालीत ७५ हजार रुपये, आणि तिथे विषय संपतो. नोकरी सांभाळून बाहेरची कामंही घेत असाल, तर त्या बाहेरच्या कामासाठी झालेला खर्च फक्त त्याच उत्पन्नातून वजा होतो.

आणखी एक, कायद्याच्या आकड्यांबद्दल. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा १९६१ च्या जागी आयकर कायदा २०२५ आहे. कलमांचे क्रमांक बदलले, पण इथे लागणारी तत्त्वं तीच आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो, आणि सीएच्या तोंडी अजून काही वर्षं जुनेच क्रमांक राहणार. म्हणून इथेही तेच वापरले आहेत.

ठोक टक्केवारीची वाट

सीए लोक हिला ‘प्रिझम्प्टिव्ह’ म्हणतात. व्यावसायिकांसाठी कलम ४४एडीए आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीतली जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत), तर जमेच्या किमान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची. उरलेली निम्मी रक्कम खर्च झाली असं कायदा गृहीत धरतो. बिलं मागत नाही, वह्या मागत नाही. भाडं, वीज, फोन, लॅपटॉपचा घसारा (वस्तूची किंमत झिजते म्हणून दरवर्षी थोडी थोडी मिळणारी वजावट), सगळं त्या निम्म्यात आलं. त्यावर पुन्हा ‘आणि घराचे १५ टक्के’ असं मागता येत नाही.

हे कलम सगळ्यांसाठी नाही. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, तांत्रिक सल्लागार, इंटिरियर डेकोरेटर, कंपनी सेक्रेटरी, आयटी व्यावसायिक आणि चित्रपट कलाकार अशी ती यादी आहे. चित्रपट कलाकार म्हणजे फक्त नट-नटी नव्हेत. गीतकार, पटकथाकार, संवादलेखक, संकलक, वेशभूषाकार हेही त्यात येतात. गोरेगावच्या वन बीएचकेमध्ये बसून चित्रपटांचे संवाद लिहिणाऱ्याला हे कलम लागू होतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

आता आकडे पाहा. पुण्यात घरून काम करणारी एक इंटिरियर डिझायनर आहे, वर्षाची जमा २४ लाख, दुसरं काही उत्पन्न नाही. तिचे खरे खर्च कितीही ओढूनताणून ६-७ लाखांच्या वर जात नाहीत. ४४एडीए घेतलं तर करपात्र उत्पन्न १२ लाख. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. ग्राहकांनी पैसे देतानाच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, परत मिळतो. हिने घरातल्या टेबलाभोवतीच्या जागेची मोजमापं घेत बसण्यात काय हशील?

छोट्या धंद्यांसाठी ४४एडी आहे. डबे देणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, दिवाळीचा फराळ विकणाऱ्या बायकांपासून ते घरून ऑनलाइन साड्या विकणाऱ्यांपर्यंत. उलाढाल २ कोटींपर्यंत, रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. नफा किमान ८ टक्के. यूपीआय, चेक, बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के. इथे एक काटा आहे. एकदा ४४एडी घेऊन पुढच्या पाच वर्षांत मध्येच सोडलीत, तर त्यानंतर पाच वर्षं परत येता येत नाही, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही मागे लागतं. ४४एडीएमध्ये अशी पाच वर्षांची अट नाही. पण तिथेही निम्म्याहून कमी नफा दाखवायचा असेल आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर जात असेल, तर वह्या आणि ऑडिट दोन्ही आलं.

मग प्रत्यक्ष खर्च कोणी मोजायचा?

सगळ्यात आधी कमिशन आणि दलालीवर जगणाऱ्यांनी. विमा एजंट, इस्टेट एजंट, म्युच्युअल फंड वितरक यांना ४४एडी कायद्यानेच बंद आहे आणि ४४एडीएच्या यादीत ते नाहीत. त्यांच्यापुढे प्रत्यक्ष हिशेबाशिवाय दुसरी वाट नाही. गंमत अशी की यातले बहुतेक लोक घरूनच काम करतात आणि घरखर्चाचा वाटा मागायला मात्र बिचकतात.

दुसरा गट, ज्यांचा खर्च खरोखरच जमेच्या निम्म्याहून जास्त आहे. पण घरून काम करताना असं क्वचित होतं. तिथे बहुधा माणसं कामाला ठेवलेली असतात किंवा बाहेरून काम करून घेतलेलं असतं.

तिसरा गट कुंपणावरचा आहे. अनुवादक, आशयलेखक, शिकवण्या घेणारे, योग शिकवणारे. यांचं काम यादीतल्या व्यवसायांत बसत नाही, आणि त्याला ‘धंदा’ म्हणून ४४एडीखाली नेता येतं का यावर सल्लागारांत दोन मतं आहेत. पहिल्याच वर्षी सीएसमोर बसून एक काय ते ठरवावं आणि त्याला धरून राहावं. दरवर्षी सोयीची बाजू घेणं अंगाशी येतं.

कायदा नेमकं काय म्हणतो

मूळ नियम कलम ३७ मधला. खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा, तो खासगी नको आणि भांडवली, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या गोष्टीवरचा, नको. हे वाचून अनेकांना वाटतं, घर तर राहायचं आहे, म्हणजे संपलं. पण कलम ३८ नेमकं याच अडचणीसाठी आहे. जागेचा काही भाग राहण्यासाठी आणि काही भाग धंद्यासाठी वापरला, तर भाडं, दुरुस्ती, घरपट्टी, विमा यांचा प्रमाणशीर वाटा वजा होतो. फर्निचर किंवा यंत्र अर्धवट धंद्यासाठी वापरलं, तरी घसाऱ्याचा योग्य तेवढा हिस्सा मिळतो. म्हणजे वाटणी कायद्याला मान्य आहे. वाद होतो तो किती, यावर.

ब्रिटनमध्ये हा वाद बराचसा मिटवलेला आहे. तिथल्या स्वयंरोजगारित माणसाने महिन्यात २५ ते ५० तास घरून काम केलं तर १० पौंड, ५१ ते १०० तासांना १८ पौंड, त्याहून जास्त तासांना २६ पौंड अशी सरळ रक्कम धरता येते. फोन-इंटरनेटचा वाटा वेगळा. लंडनमध्ये राहून फ्रीलान्स काम करणारी मराठी मंडळी हाच तक्ता वापरू शकतात, किंवा खरा खर्च मोजू शकतात. आपल्याकडे असा तक्ता नाही. प्रमाण तुम्ही ठरवायचं, आणि विचारलं तर ते का ठरवलं हेही तुम्हीच सांगायचं. भाड्याबाबत कायद्याचे शब्द तर क्षेत्रफळाच्याही पलीकडे जातात: धंद्याच्या भागाचं वार्षिक मूल्य किती, त्या प्रमाणात. रस्त्यालगतच्या पुढच्या खोलीला आतल्या अंधाऱ्या खोलीपेक्षा जास्त भाव येतो, हे त्यात अध्याहृत आहे. व्यवहारात मात्र बहुतेक जण चटई क्षेत्रच धरतात, आणि साध्या फ्लॅटमध्ये ते पुरेसं समर्थनीय असतं.

एक उदाहरण शेवटापर्यंत नेऊ. ठाण्यात भाड्याच्या टू बीएचकेमध्ये राहणारे विमा एजंट. चटई क्षेत्र ६०० चौरस फूट, त्यातली ९० चौरस फुटांची खोली फक्त कामाला. प्रमाण १५ टक्के. भाडं महिना ३० हजार, वर्षाचं ३ लाख ६० हजार, त्याचे १५ टक्के म्हणजे ५४ हजार रुपये.

वीजबिलाला हेच १५ टक्के लावावेत का? लावले तर कोणी हरकत घेणार नाही, पण वीज जागेनुसार जळत नाही. फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन घरासाठी चालतात. दुपारभर चालणारा एसी कामासाठी. यांनी कामाच्या खोलीतल्या उपकरणांचे वॅट आणि तास मांडून २० टक्के काढले आणि तो कागद फाइलला लावला. वर्षाचं बिल ३० हजार, वाटा ६ हजार. वायफाय महिना एक हजार, संध्याकाळी घरचे वापरतात म्हणून ७० टक्के, ८,४०० रुपये.

लॅपटॉप ६० हजारांचा, जुलैत घेतला. त्याची सगळी किंमत एकाच वर्षी खर्चात टाकता येत नाही, कारण तो भांडवली खर्च. मिळतो तो घसारा. संगणकाला दर ४० टक्के, म्हणजे २४ हजार. पाव वापर घरचा, म्हणून १८ हजार. टेबल-खुर्ची ३० हजारांची, फर्निचरला १० टक्के, पूर्ण कामाची, ३ हजार.

सगळं मिळून ८९,४०० रुपये. पेट्रोल, फोन, छपाई असे बाकीचे खर्च आधीच वजा करून यांचं उत्पन्न १५ लाख उरत असेल, तर नव्या करप्रणालीत हा वाटा १५ टक्क्यांच्या टप्प्यातून कमी होतो. उपकरासह (करावर वरून लागणारी रक्कम) वाचणारा कर जवळपास १४ हजार. फार नाही, पण सोडून देण्याइतका थोडाही नाही.

आता हेच उत्पन्न १२ लाख ८० हजार असतं तर? कर ७२ हजार, उपकरासह ७४,८८०. घरखर्चाचा ८९,४०० चा वाटा धरला की उत्पन्न ११,९०,६०० वर येतं आणि कर शून्य. तेच घर, तीच खोली, पण १२ लाखांच्या उंबरठ्यावर त्या खोलीची किंमत पाचपट होते. मोह होतो तो याच ठिकाणी. १५ चे ३० टक्के करावेसे वाटतात, दिवाणखानाही ‘मीटिंग रूम’ होतो. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड वाचवलेल्या कराच्या ५० टक्के आहे, आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असं ठरलं तर २०० टक्के. म्हणून प्रमाण आधी ठरवावं आणि उत्पन्नाचा आकडा नंतर पाहावा.

नवी करप्रणाली घेतली की सगळ्या वजावटी गेल्या, असा एक गैरसमज आहे. ८०सी (बचत-गुंतवणुकीची), ८०डी (आरोग्यविम्याची) वगैरे गेल्या, हे खरं. पण धंद्याचे रोजचे खर्च ही वजावट नव्हे, तो नफा काढण्याचा भाग आहे. भाडं, वीज, घसारा नव्या प्रणालीतही तसेच वजा होतात. जुन्या प्रणालीत राहणाऱ्या, एचआरए (घरभाडे भत्ता) न मिळणाऱ्या माणसाला राहत्या घराच्या भाड्यासाठी ८०जीजीची छोटी वजावट आहे, महिन्याला जास्तीत जास्त ५ हजार. पण जे भाडं धंद्यात धरलं ते पुन्हा तिथे धरायचं नाही.

भाड्याच्या घरात

डिपॉझिट हा खर्च नव्हे, ते परत मिळणारे पैसे आहेत. इतकं उघड असूनही हिशेबात ते खर्च म्हणून घुसलेलं सापडतं. लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत हवा. महाराष्ट्रात तो कायद्यानेच सक्तीचा आहे, आणि इथे तोच तुमचा पहिला पुरावा.

आपल्याकडची खरी अडचण वीजबिलाची. महावितरणचं बिल घरमालकाच्या नावावर येतं, कधीकधी मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. बिल भाडेकरूने भरायचं, असं एक वाक्य करारात घालून घ्या आणि स्वतःच्या खात्यातून भरा. बिलावरचं नाव दुसऱ्याचं असलं तरी पत्ता करारातला आणि पैसे तुमचे, एवढा धागा जुळला तर समजावता येतं. घरमालकाला रोख देऊन ‘त्याने भरलं’ म्हणणं समजावता येत नाही.

भाडं महिन्याला ५० हजारांच्या वर असेल, तर भाडेकरूनेच २ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. हे धंदा असो-नसो लागू आहे. मुंबईत ५० हजार भाडं ही काही चैनीची गोष्ट राहिलेली नाही, त्यामुळे लक्षात ठेवा.

स्वतःच्या घरात

इथे पहिली निराशा: स्वतःच स्वतःला भाडं देता येत नाही. ‘बाहेर ऑफिस घेतलं असतं तर २० हजार पडले असते’ हा हिशेब मनात करावा, वहीत नाही. घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, घराचा विमा, चालू दुरुस्ती यांचा वाटा मात्र धरता येतो. सगळ्या घराला रंग काढला तर खोलीच्या प्रमाणात. फक्त कामाच्या खोलीला काढला तर पूर्ण. नवं फॉल्स सीलिंग घातलं, भिंत पाडून खोली वाढवली, तर तो भांडवली खर्च. तिथे घसाऱ्याचाच मार्ग.

खोलीच्या बांधकामावर घसारा घ्यायचा का? राहत्या इमारतीला दर ५ टक्के. समजा फ्लॅटमधल्या तेवढ्या भागाच्या बांधकामाची किंमत ६ लाख धरली, तर पहिल्या वर्षी ३० हजार, आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात वाचणारा कर सहा हजारांच्या आसपास. पुढे घर विकताना मात्र घसारा घेतलेल्या भागावरचा नफा अल्पकालीन मानला जातो, घर कितीही जुनं असो. राहतं घर विकून दुसरं घेताना मिळणारी सवलतही त्या भागापुरती अडचणीत येते. शिवाय ती खोली एकदा धंद्याची मालमत्ता म्हणून दाखवली, की घसारा घ्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर राहत नाही. कायदा तो घेतल्याचंच मानतो. वर्षाला सहा हजारांसाठी एवढं लोढणं गळ्यात बांधून घ्यावं असं मला वाटत नाही. पण हा निर्णय पहिल्याच वर्षी सीएशी बोलून, समजून घ्यायचा आहे.

गृहकर्जाच्या व्याजाचा वाटाही काही जण मागतात. कर्ज राहण्यासाठी घेतलं होतं, धंद्यासाठी नव्हे, हा आक्षेप तिथे ठरलेला. आणि ज्या व्याजावर घराच्या उत्पन्नाखाली वजावट घेतली, तेच व्याज धंद्यात पुन्हा आणता येत नाही.

घर आईच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, तर त्यांना भाडं देऊन त्यातला कामाचा वाटा धरता येतो. पण मग ते खरंखुरं भाडं हवं: करार, दरमहा बँकेतून रक्कम, आणि त्यांच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न म्हणून दाखवलेलं. भाडं आसपासच्या दरापेक्षा फुगवलेलं असेल तर जास्तीची रक्कम नामंजूर होते. नातेवाइकांना दिलेल्या पैशांसाठी कलम ४०ए(२) तेवढ्यासाठीच आहे. बायकोच्या नावावरचं घर तुमच्या पैशांतून घेतलेलं असेल, तर भाडं फिरून तुमच्याच उत्पन्नात जोडलं जाण्याची शक्यता मोठी. त्या भानगडीत न पडलेलं बरं.

वस्तू, तारखा आणि रोकड

घसाऱ्यात तारखेला महत्त्व आहे. वस्तू वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर पहिल्या वर्षी अर्धाच दर. हिशेब केला तर सर्वसाधारण वर्षी ती ३ ऑक्टोबरपर्यंत वापरात आलेली हवी. दसऱ्या-दिवाळीचे सेल बहुधा याच रेषेच्या अलीकडे-पलीकडे असतात. म्हणजे ६० हजारांच्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षी २४ हजार की १२ हजार, हे कधीकधी आठवड्याभराच्या फरकावर ठरतं. राहिलेले १२ हजार बुडत नाहीत, पुढच्या वर्षांत येत राहतात. नुसतं तेवढ्यासाठी महागात खरेदी करू नका.

मोबाइल संगणकाच्या दरात धरायचा मोह टाळा. तो आणि एसी यंत्रसामग्रीच्या १५ टक्क्यांत येतात.

रोखीचा नियम लोकांना उशिरा कळतो. एका दिवसात एका व्यक्तीला १० हजारांवर रोख दिलेत तर तो खर्च मंजूर होत नाही. वस्तू घेतली असेल तर ती रक्कम तिच्या किमतीतच धरत नाहीत, म्हणजे घसाराही नाही. सुताराला टेबलाचे १८ हजार रोख दिले, पावती घेतली, सही घेतली, तरी हिशेबासाठी ते टेबल अस्तित्वातच नाही. यूपीआय करा, वाद मिटला.

स्वयंपाकघरातून धंदा करणाऱ्या ताईंसाठी जाता जाता एक. घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठीच आहे. त्याच्या पावत्या धंद्याच्या खर्चात लावल्या, तर तो धंद्यासाठी वापरल्याचं तुम्ही स्वतःच लिहून दिलं असं होतं.

महाराष्ट्रातल्या स्वयंरोजगारितांचा एक छोटा खर्च मात्र हमखास विसरला जातो. व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये. भरला असेल तर तो खर्चात येतो. भरला नसेल तर आधी भरा.

कागद

प्रत्यक्ष खर्च दाखवणाऱ्यांनी आयटीआर-३ हा रिटर्नचा फॉर्म भरायचा, टक्केवारीवाल्यांचा आयटीआर-४, म्हणजे सुगम. आयटीआर-३ मध्ये नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद लागतो, त्यामुळे किर्द-खतावणी ठेवावीच लागते. कागदावर असो वा सॉफ्टवेअरवर. यादीतल्या व्यवसायांसाठी नियमच सांगतो की वह्या संबंधित कर-निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून सहा वर्षं जपायच्या. इतरांनीही तोच दंडक पाळावा.

घरखर्चासाठी मी एक वेगळं पान सुचवेन. त्यावर घराचं एकूण क्षेत्र, खोलीचं क्षेत्र, विजेचा आणि वायफायचा वाटा कसा काढला ते चार ओळींत, तारीख घालून. सोबत खोलीचा एक फोटो आणि करारातलं किंवा सोसायटीच्या कागदावरचं क्षेत्रफळ. कायदा हे पान मागत नाही. पण चौकशी येते तेव्हा दोन-तीन वर्षं उलटलेली असतात, आणि तोवर तुम्ही घरही बदललेलं असतं. तेव्हा आठवणीतून सांगितलेल्या २० टक्क्यांपेक्षा त्या वेळी लिहून ठेवलेल्या १५ टक्क्यांना वजन असतं. प्रमाण दरवर्षी हलवू नका. हलवलं तर का हलवलं ते त्याच पानावर लिहा. बाळ झालं, ऑफिसची खोली त्याची झाली आणि टेबल हॉलच्या कोपऱ्यात आलं, हे सबळ कारण आहे; फक्त मग भाड्याचा वाटाही त्या कोपऱ्याएवढाच.

बँक खातं वेगळं असेल तर हे सगळं निम्म्याने सोपं होतं. किराणा, शाळेची फी आणि ग्राहकाचे पैसे एकाच पासबुकात असतील, तर प्रत्येक ओळ समजावून सांगायची जबाबदारी तुमची.

जीएसटी असेल तर

सेवा देणाऱ्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी येते, आणि तिथे भाड्याच्या घराची एक गाठ आहे. जुलै २०२२ पासून नोंदणीकृत व्यक्तीने राहण्याचं घर भाड्याने घेतलं, तर त्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी भाडेकरूनेच भरायचा. एकट्याने धंदा करणाऱ्याला यातून सूट आहे, पण अट अशी की घर त्याने वैयक्तिकरीत्या, स्वतः राहण्यासाठी घेतलेलं असावं आणि ते धंद्याच्या खात्यावर नसावं. तुम्ही भाड्याचा वाटा धंद्याच्या खर्चात टाकलात, की याच अटीवर प्रश्न उभा राहतो.

वरच्या उदाहरणातले विमा एजंट यातून सुटतात, कारण त्यांच्या कमिशनवरचा जीएसटी विमा कंपनी भरते आणि नुसत्या त्या कामासाठी त्यांना नोंदणी लागत नाही. पण त्यांच्या जागी नोंदणी असलेला इस्टेट एजंट धरा. ५४ हजारांचा भाड्याचा वाटा धरून आयकर वाचला सुमारे ८,४०० रुपये. तेवढ्याच वाट्यावर १८ टक्के जीएसटी होतो ९,७२०. तो ग्राहकांकडून घेतलेल्या जीएसटीतून वळता होऊ शकतो, पण सगळ्यांचा नाही आणि आपोआप तर नाहीच. त्यासाठी दर महिन्याची नोंद आणि आधी स्वतःच्या खिशातून भरणा लागतो. नोंदणी असेल तर भाड्याचा वाटा वहीत घालण्याआधी हा प्रश्न सीएला विचारा. वीज, वायफाय आणि लॅपटॉपच्या वाट्याला ही अडचण नाही. ते तोवर खुशाल धरा.